नाशिकच्या गंगापूर रोडचं लहान मुलांचं थेरपी सेंटर: चार स्टार, आणि एक का कापला

ऑटिझमसाठी लेकाला इथे आणतोय. वेटिंग भरपूर, पार्किंग नावाला, फी जड, तरी चार स्टार देतेय.

आमचा लेक दोन वर्षांचा होऊन गेला तरी हाक मारली की वळायचा नाही, काही हवं असलं की बोट दाखवायच्या ऐवजी माझं मनगट धरून फ्रीजपाशी न्यायचा. घरात सगळ्यांचं एकच पालुपद, मुलगे उशिराच बोलतात, याचा बापपण तसाच होता. बालरोगतज्ज्ञांनी आधी बेरा टेस्ट (कानाची तपासणी) करायला लावली, ऐकू नीट येतंय म्हटल्यावर इकडे पाठवलं.

इथे पहिल्या दिवशी एम-चॅटचे (ऑटिझमची शंका आहे का ते बघायची प्रश्नावली) २० हो-नाही प्रश्न भरून घेतले (ते १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच असतात), आणि मॅडमनी लगेच सांगितलं की यावरून फक्त पुढे तपासायचं का नाही ते कळतं, निदान वेगळं. हे आवडलं, कारण आधी एका ठिकाणी मुलाकडे धड न बघता सहा महिन्यात नॉर्मल करून देतो म्हणत पॅकेज पुढे सरकवलं होतं. अहो ऑटिझम काय कावीळ आहे का उतरायला?

खरी गोष्ट म्हणजे इथे आईबापाला बाहेर बाकावर बसवून ठेवत नाहीत. ओटीवाल्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे खेळातून आणि रोजच्या कामांतून शिकवणाऱ्या) ताई साबणाचे फुगे सोडतात, मग झाकण घट्ट लावून बाटली त्याच्या हातात देतात आणि गप्प बसतात. तो बाटली फिरवतो, चावून बघतो, वैतागतो, शेवटी ताईंच्या हातात परत देतो आणि एक क्षण त्यांच्या तोंडाकडे बघतो, की लगेच फुगे! मला म्हणाल्या आता तुम्ही करा, आणि मी घाईघाईत झाकण उघडायला गेले तर माझा हात धरला, थांबा, त्याला मागू द्या. घरी हेच आता बिस्किटाच्या डब्यावर चालतं. कुकरच्या शिट्टीला कान दाबून रडायचा, तर बंद कर म्हणण्याऐवजी शिट्टी व्हायच्या आधी सांगायचं आणि त्याला गॅलरीत न्यायचं, एवढं साधं. आजी-आजोबांना पण एकदा बोलावतात, आमच्या सासूबाई आता मलाच शिकवतात.

स्पेशल एज्युकेटरचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन भिंतीवर लावलंय, कुठेही गेलात तरी हे बघाच.

एक स्टार कापला तो रिसेप्शनचा. फोन उचलत नाहीत, सेशन रद्द झालं तर आयत्या वेळी सांगतात, आणि सिडकोतून मुंबई नाक्याचं ट्रॅफिक काढून पोचल्यावर ते ऐकायचं म्हणजे डोकंच फिरतं. शिवाय दिव्यांग सर्टिफिकेटबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, सरकारी दवाखान्यात तपासून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) निघतं, आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचा विमा आहे, त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो. हे मला वेटिंगमध्ये बसलेल्या दुसऱ्या एका आईने सांगितलं.

फी झेपत नसेल तर थांबू मात्र नका. आरबीएसकेची (मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना) टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, तिथे फुकट तपासून पुढे पाठवतात, अंगणवाडी ताईंना तारीख विचारून ठेवा. आणि इथे यायचंच असेल तर फोनच्या नादी न लागता सरळ सकाळी जाऊन नाव लावा, संध्याकाळचे स्लॉट शाळेतली मोठी मुलं आधीच घेऊन बसलेली असतात.