सिटी ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सचे तेल घरी बदलले : नऊ महिने आणि अकरा हजार किलोमीटरनंतरचा अनुभव

माझ्याकडे २०१२ ची होंडा सिटी आहे. पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक. मागच्या ऑक्टोबरात, गाडी ९६,००० किलोमीटर चाललेली असताना, मी तिच्या गिअरबॉक्सचे तेल नाशिकला घरच्या अंगणात स्वतः बदलले, आणि तेही एकदाच नव्हे तर तीन आठवड्यांत तीन वेळा. त्यानंतर गाडी ११,००० किलोमीटर धावली. त्यात रोजचे शहरातले जाणे-येणे, महिन्यातून दोनदा मुंबई आणि मे महिन्यातला भर दुपारचा कसारा घाट हे सगळे आले. काम झाल्या झाल्या लिहिले असते तर ते उत्साहाच्या भरात लिहिले गेले असते, म्हणून इतके दिवस थांबलो.

आधीच्या तक्रारी तीन होत्या. सकाळी गाडी थंड असताना रिव्हर्स टाकला की दीड-दोन सेकंद काहीच होत नसे आणि मग धक्का देऊन गाडी मागे सरके. गर्दीत गाडी तापली की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना झटका बसे. तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त खटकत होती : ताशी साठच्या आसपास एकसारख्या वेगाने जाताना पायाखाली बारीक थरथर येई, रस्त्यावरच्या रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी. गाडी मी दुसऱ्या हाताने घेतलेली आहे. जुन्या पावत्या काढून पाहिल्या तेव्हा इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेले दिसले, पण गिअरबॉक्सच्या तेलाची एकही नोंद सापडली नाही. एका गॅरेजमध्ये सांगितले की हे तेल आयुष्यभराचे असते, त्याला हात लावू नका. दुसऱ्या ठिकाणी मशीन लावून सगळे तेल एका दमात फ्लश करू म्हणाले. दोन्ही उत्तरे मला पटली नाहीत.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल केवळ वंगण नसते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या भागात, इंजिनाची ताकद पुढे पोचवते ते तेलच, क्लचच्या चकत्या दाबून धरते तेही तेलच, आणि उष्णता वाहून नेण्याचे कामही त्याचेच. शिवाय क्लचच्या चकत्यांना हे तेल नेमके हवे तेवढेच घसरू देते आणि मग पकडू देते. तेलातल्या या घर्षणाच्या गुणाला एके काळी इतके महत्त्व होते, की अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यासाठी या तेलात स्पर्म व्हेलपासून मिळणारे तेल मिसळत असत. उष्णतेने आणि वापराने हा गुण उतरत जातो. ताशी साठच्या वेगाला माझ्या गाडीतला लॉक-अप क्लच (टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) लागतो आणि थरथर नेमकी तिथेच येत होती, म्हणून तेलावर संशय घ्यायला मला पुरेसे कारण होते.

तेल मी होंडाचेच एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) डीडब्ल्यू-१ वापरले. यात तडजोड करू नये असे मी आग्रहाने सांगेन. २०१४ पासूनच्या पेट्रोल ऑटोमॅटिक सिटीत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स आहे आणि त्याचे तेल वेगळे असते; दुकानदाराने ‘सिटी ऑटोमॅटिकचे’ म्हणून दिलेला डबा नाव न वाचता ओतला, तर गिअरबॉक्स हातचा जाऊ शकतो. तेलाशिवाय लागले ते एवढेच : घट्ट बसणारी प्लॅस्टिकची नळी लावलेले लांब नरसाळे, मापाची जुनी बरणी, जॅक, दोन स्टँड, रॅचेट (बोल्ट सोडायचा पाना) आणि ड्रेन बोल्टची, म्हणजे तेल काढायच्या खालच्या बोल्टची नवीन वॉशर, प्रत्येक वेळेसाठी एक.

आमच्या शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका राहतात. पहिल्या दिवशी ते फाटकाशी उभे राहून एवढेच म्हणाले, “आधी वरचं उघडतंय का ते बघा, मग खालचं सोडा.” हा सल्ला लाखमोलाचा आहे. तेल भरायची जागा उघडलीच नाही आणि खालून सगळे तेल वाहून गेले, तर गाडी जागच्या जागी अडकते. माझ्या गाडीत मी डिपस्टिकच्या (तेलाची पातळी पाहायच्या पट्टीच्या) भोकातूनच तेल भरले, त्यामुळे ती अडचण आली नाही. खालच्या बोल्टला चौकोनी खाच असते. त्यात ३/८ इंची रॅचेट सॉकेटशिवाय थेट बसते. बोल्ट मात्र इतका घट्ट होता की रॅचेटवर लोखंडी पाइप चढवावा लागला. त्याआधी दहा मिनिटे गाडी फिरवून आणली होती, म्हणजे तेल कोमट होऊन नीट वाहते. कडकडीत गरम तेलावर मात्र हे काम करू नये, हात भाजतो. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. स्टँड आणि मागच्या चाकांना ठोकळे लावल्याशिवाय मी कधीही खाली गेलो नाही.

पहिल्या वेळी निघालेले तेल बिनदुधाच्या कडक चहासारखे होते, लाल रंगाचा मागमूस नव्हता. बोल्टच्या टोकाला चुंबक असते. त्यावर काजळासारखा मऊ, राखाडी लेप जमला होता. तो मी बोटावर घेऊन चोळला, मग पांढऱ्या बशीत थोड्या पेट्रोलमध्ये धुऊन उन्हात धरला. कण टोचत नव्हते, चकाकणारे तुकडे नव्हते, जळका वासही नव्हता. हे पाहिल्यावरच पुढे जायचे ठरवले. त्यात धातूचे तुकडे निघाले असते किंवा तेलाला करपट वास असता, तर क्लच झिजलेले आहेत असे समजून मी थेट जाणकाराकडे गेलो असतो. नवे तेल घातल्यामुळे जुना गिअरबॉक्स गेला, असे जे ऐकू येते त्यातली बरीच उदाहरणे मला अशीच वाटतात : गिअर घसरायला लागल्यावरच लोकांना तेलाची आठवण होते, आणि झिजलेला क्लच तेलाने भरून येत नाही.

बरणीत मोजले तेव्हा जवळपास २.४ लिटर तेल निघाले होते. बाकीचे कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये राहते, ते बोल्ट सोडून येत नाही. एकूण तेल साडेपाच लिटरच्या आसपास धरले, तर एका बदलानंतर निम्म्याहून अधिक जुनेच उरते, दुसऱ्यानंतर एक तृतीयांशापेक्षा कमी आणि तिसऱ्यानंतर सहावा हिस्सा. म्हणून तीन वेळा, आणि मधल्या दिवसांत गाडी सगळ्या गिअरमध्ये चालवायची. निघाले तेवढेच मोजून आत घालायचे.

खरी कसोटी पातळी पाहण्यात आहे, आणि माझी चूकही तिथेच झाली. पहिल्या दिवशी गाडी पुरेशी तापण्याआधी मी डिपस्टिक पाहिली, पातळी खाली वाटली आणि दोनशे मिली जास्त घातले. दुसऱ्या दिवशी गरम गाडीवर पाहतो तो तेल वरच्या खुणेच्याही वर. तापल्यावर तेल फुगते, हे माहीत असूनही मी घाई केली होती. जास्त तेल फिरत्या भागांनी घुसळले जाऊन त्याला फेस येतो आणि फेसाळ तेलाने दाब टिकत नाही, म्हणून ते जादा तेल नळी लावलेल्या मोठ्या सिरिंजने काढले. आता माझी पद्धत ठरलेली आहे. रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवतो, गाडी सपाट जागी आणतो (आमचे अंगण उतरते आहे, म्हणून गल्लीत), इंजिन बंद करतो आणि मग साठ ते नव्वद सेकंदांच्या आत डिपस्टिक पुसून, परत घालून पाहतो. इतर अनेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच पातळी पाहायची असते आणि काहींना डिपस्टिकच नसते, ठरावीक तापमानाला चेक प्लगमधून (पातळी तपासायच्या बुचातून) तेल ओघळू देऊन पातळी ठरवतात. तेव्हा आपल्या गाडीचे मॅन्युअल आधी वाचावे. डिपस्टिक नसलेल्या गाडीचे हे काम मी घरी केले नसते.

वापरलेले तेल डब्यांत भरून, जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजच्या पिंपात दिले. ते घातक कचऱ्यात मोडते. गटारात किंवा झाडाखाली ओतायचे नसते.

परिणाम सांगायचे तर थरथर दुसऱ्या बदलानंतर चारच दिवसांत गेली आणि नऊ महिन्यांत परत आलेली नाही. सकाळचा रिव्हर्स आता अर्ध्या-पाऊण सेकंदात पडतो; डिसेंबरच्या थंडीत, जेव्हा नाशिकचा पारा खूप उतरतो, तेव्हा थोडा जास्त वेळ लागला, पण धक्का नव्हता. मे महिन्यात चार माणसे आणि सामान घेऊन कसारा चढताना गिअर खालीवर होणे आधीपेक्षा स्पष्टपणे मऊ वाटले. मायलेजमध्ये मला काहीही फरक दिसला नाही. खर्च गॅरेजने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडा अधिक आला, शिवाय तीन रविवार गेले.

मागच्या महिन्यात चौथ्यांदा तेल काढले. प्रत्येक वेळचे थोडे तेल मी औषधाच्या लहान बाटल्यांत ठेवले आहे. खिडकीत ओळीने लावल्या तर पहिली काळपट तपकिरी आणि चौथी डाळिंबाच्या रसासारखी दिसते. चुंबकावरचा लेप या वेळी नखाच्या टोकाएवढाच होता. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला झटका मात्र गाडी फार तापली की अजूनही अधूनमधून जाणवतो. तो तेलाने जाणारा नाही असे आता माझे मत झाले आहे, त्यामुळे दिवाळीआधी गिअरबॉक्सचे प्रेशर स्विच (तेलाचा दाब ओळखणारे) तपासून घेणार आहे.