पंचेचाळीस हजारांचा लॅपटॉप की लाखाचा? जास्तीचे पैसे नेमके कशाचे, याचा आढावा

अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की नाशिकमधल्या अनेक घरांत हा प्रश्न निघतो: पंचेचाळीस-पन्नास हजारांत भागवावे, की लाखभर रुपये घालून एकदाच चांगले यंत्र घ्यावे? दुकानात याचे उत्तर प्रोसेसर आणि रॅमच्या आकड्यांत मिळते आणि तुलना तिथेच भरकटते. वर्ड, एक्सेल, ब्राउझर, ऑनलाइन तास किंवा पायथॉनचा सराव एवढ्या कामांत, पुरेशी रॅम आणि एसएसडी (माहिती साठवणारा वेगवान भाग) असेल तर, स्वस्त आणि महाग यंत्रांच्या वेगातला फरक क्वचितच जाणवतो. त्यामुळे केवळ वेगासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे मोजायचेच असतील तर बांधणी, पडदा आणि बॅटरी यांसाठी मोजावेत.

बांधणीचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. स्वस्त लॅपटॉपची बिजागरी बहुतेक वेळा प्लास्टिकच्या आवरणात बसवलेल्या छोट्या पितळी नटांवर स्क्रूने आवळलेली असते. झाकण रोज उघडले-मिटले की बिजागरीचा ताण त्या नटांवर येतो, कालांतराने भोवतालचे प्लास्टिक तडकते, नट उखडून बाहेर येतात आणि पडद्याची कड आवरणापासून सुटू लागते. अशा वेळी नुसती बिजागरी बदलून भागत नाही, आवरणही बदलावे लागते. धातूच्या बांधणीत हे सहसा घडत नाही. सिडकोहून रोज बसने महाविद्यालयात जाणाऱ्या आणि लॅपटॉप पुस्तकांबरोबरच पिशवीत कोंबणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा फरक प्रोसेसरच्या पिढीपेक्षा मोठा आहे.

पडद्याचेही तसेच. स्वस्त यंत्रांत साधारण २५० निट्स उजेडाचा आणि मर्यादित रंगांचा पडदा असतो, तर ॲपलच्या २०२५ च्या मॅकबुक एअरमध्ये तो ५०० निट्सचा आहे. खिडकीजवळ बसून काम करणाऱ्याला हे लगेच कळते. लग्नाचे अल्बम करणाऱ्याला तर पडद्यावरचा रंग छपाईत वेगळा आला की पदरचे पैसे घालावे लागतात. हिशेबनीस मात्र घरातल्या दिव्याखाली स्वस्त पडद्यावरही निभावून नेईल.

याच एअरच्या १३ इंची मॉडेलचे वजन १.२४ किलो असून सलग १८ तासांपर्यंत व्हिडिओ पाहता येईल असा कंपनीचा दावा आहे. प्रत्यक्ष कामात त्याहून कमी वेळ मिळतो, तरीही दिवसभर चार्जर न शोधता काम होणे ही मोठी सोय आहे. मात्र या यंत्रात पंखा नाही. दीर्घकाळ जड काम चालले की उष्णता आवरण्यासाठी ते आपला वेग कमी करते, आणि नाशिकचा एप्रिल-मे काही थंड नसतो.

आता अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी. यंत्रभागांचे आराखडे करण्याचे सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालते, हिशेबाचे टॅलीही मुळात विंडोजसाठीच आहे. रेखाटनांसाठीच्या ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, पण तिच्यात विंडोजवरील सर्व साधने नाहीत. म्हणून यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने किंवा सीएच्या कार्यालयाने नावाकडे पाहून मॅक घेणे मला अजिबात पटत नाही. ज्याला यंत्र टेबलावरून हलवायचेच नाही, त्याने लॅपटॉपचा विचार सोडून त्याच पैशांत डेस्कटॉप घ्यावा: वेग जास्त मिळतो, पडदा मोठा मिळतो आणि बिघडलेला एकेक भाग बदलता येतो.

“महाग यंत्र जास्त वर्षे टिकते” हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. पंचेचाळीस हजारांचे यंत्र चार वर्षे चालले तर वर्षाला ११,२५० रुपये पडतात. लाखाचे सात वर्षे चालले तर सुमारे १४,३०० रुपये. म्हणजे दीर्घायुष्य धरूनही महाग यंत्र महागच राहते, फक्त तफावत कमी होते. शिवाय शरीर टिकले तरी सॉफ्टवेअरची साथ सुटू शकते. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून येणारी अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात. २०१६ चा लाखाचा लॅपटॉपही तिथेच अडला.

एका बाबतीत तर महाग यंत्रे ग्राहकावर अन्याय करतात, असे मला वाटते. मॅकबुक एअरसारख्या यंत्रांत रॅम आणि साठवण आतच पक्की जोडलेली असल्याने पुढे ती वाढवता येत नाही, आणि खरेदीच्या वेळी वाढवायची तर एअरमध्ये २५६ वरून ५१२ जीबीवर जाण्यासाठी २०२५ मध्ये वीस हजार रुपये जास्त मोजावे लागत होते. स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी बदलता येते, काहींत रॅमसाठी मोकळी जागाही असते.

या दोहोंच्या मध्ये लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे प्रो (पूर्वीचे लॅटिट्यूड), एचपीचे एलिटबुक यांसारख्या व्यावसायिक मालिका येतात. भक्कम बिजागरी, उत्तम कीबोर्ड आणि अनेक मॉडेलांत उघडून दुरुस्त करता येण्याची सोय यांमुळे बहुतेक विद्यार्थ्यांना मी यांतलेच सत्तर हजारांच्या आतबाहेरचे मॉडेल सुचवीन. त्यांतही पडद्याचे निट्स तपासावेत, कारण कमी किमतीच्या मॉडेलांत तिथेच काटकसर केलेली असते. दुकानात झाकण एका कोपऱ्याला धरून सावकाश उघडावे आणि पडदा किती डुगडुगतो ते पाहावे, रॅमची मोकळी जागा आहे का ते विचारावे, आणि हमीच्या काळात दुरुस्ती नाशिकमध्येच होते की यंत्र बाहेरगावी पाठवावे लागते, हे बिल करण्यापूर्वी लेखी घ्यावे.