सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही: मारुती ८०० कार्बोरेटरची घ्यावी की एमपीएफआय?

जुनी मारुती ८०० घ्यायची आहे, एक कार्बोरेटरची बघितली (पेट्रोल आणि हवा कार्बोरेटर या यंत्रात मिसळते ती), एक एमपीएफआय (कॉम्प्युटर इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो ती), किंमत जवळपास सारखीच, कोणती घेऊ? गेल्या महिन्याभरात तिघांनी मला हे विचारलं. मायलेज, सीट कव्हर, रंग सगळं नंतर बघू. आधी हे सांगा, की पावसाळ्यातल्या सकाळी सेल्फ मारला, इंजिन जोमात फिरतंय, पण गाडी काही केल्या स्टार्ट होत नाही, तर तुम्ही काय करणार? खरा फरक तिथे कळतो.

इंजिन दोन्हींत ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. १९८३ साली गाडी आली ती कार्बोरेटर घेऊन, आणि २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर एमपीएफआय आलं. २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. म्हणजे कुठलीही घेतली तरी गाडी वयस्करच.

सेल्फ जोमात फिरतोय याचा अर्थ बॅटरी आणि स्टार्टर धड आहेत. अशा वेळी धक्का मारायला माणसं गोळा करू नका. धक्क्याने इंजिन फिरतं, आणि ते तर फिरतंच आहे. दहा सेकंदांहून जास्त सेल्फ रेटू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. आता बघायचं ते करंट (प्लगची ठिणगी), पेट्रोल आणि टायमिंग (सगळं योग्य क्षणी होतंय का).

कार्बोरेटरच्या गाडीत हे तिन्ही डोळ्यांनी आणि नाकाने कळतं. प्लग काढा. ओला असेल आणि पेट्रोलचा वास मारत असेल तर पेट्रोल येतंय, पण करंट नाही किंवा गाडी फ्लड झालीय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त झालंय. फ्लड असेल तर चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढतात तो) ओढलेला ठेवू नका, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाचेक सेकंद सेल्फ मारा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर एसी पंप (इंजिनवर चालणारा पेट्रोलचा पंप), फिल्टर नाहीतर कार्बोरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) बघा. बरेच दिवस उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकटा जेटमध्ये बसतो.

कोकणात मात्र पहिला संशय डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटतो त्या भागाच्या) कॅपवर घ्यावा. रात्रभराच्या दमट हवेने आत बारीक दव धरतं. कॅप काढा, सुक्या सुती कापडाने आतून पुसा, वायरीही पुसा. कितीतरी गाड्या एवढ्यावर सुरू होतात. आत दोन खुंट्यांच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ दिसली तर पुसत बसू नका, कॅप बदला. करंटने तिथून पळवाट काढलेली असते. कॅप उघडी असतानाच कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि रोटरकडे (कॅपखालच्या फिरत्या तुकड्याकडे) बघा. इंजिन फिरतंय आणि रोटर जागचा हलत नाही, तर बहुधा टायमिंग बेल्ट तुटलाय. डिस्ट्रिब्युटर आणि एसी पंप दोन्ही कॅमशाफ्टवर (हा बेल्ट फिरवतो त्या दांड्यावर) चालतात, त्यामुळे बेल्ट गेला की करंट आणि पेट्रोल एकदमच बंद. कॅपच्या या दोन मिनिटांत निम्मं निदान होतं, म्हणून मला ही गाडी आवडते.

एमपीएफआयला चोक नाही, मिक्स्चर जुळवणं नाही, आणि ती एरवी अडतेही कमी. अडली की मात्र कान लागतो. चावी फक्त ऑन करा. मागच्या सीटकडून दोन-तीन सेकंद घूंऽऽ असा पंपाचा आवाज यायला हवा. आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) बघा. माझ्या ओळखीत एका गॅरेजने थेट पंप बदलून पैसे घेतले, गाडी तशीच राहिली. शेवटी रिले गेलेला निघाला. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवाही लागला पाहिजे. तोही नसेल तर ईसीएमपर्यंत (गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत) वीज पोचतेय का ते आधी तपासा. आवाज आहे, दिवा आहे, तरी गाडी घेत नाही, तर संशय सेन्सरवर जातो, आणि तिथे घरचा पाना-पकड पुरत नाही. २०१० च्या आधीच्या गाडीला बाजारातला स्वस्त स्कॅनर चालेलच असंही नाही.

ई२० पेट्रोलचाही (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) विचार करा. दोन्ही गाड्या त्याच्यासाठी बनलेल्या नाहीत. जुने रबरी पाइप आणि सील आधी कार्बोरेटरच्या गाडीत बदलून घ्या, कारण तिथे ते जास्त जुने असतात.

घरात हात काळे करायची तयारी असेल आणि जवळ कार्बोरेटर उघडणारा मिस्त्री असेल, तर खुशाल कार्बोरेटरची घ्या. रोज कामावर जायचंय, घरात म्हातारं माणूस आहे, अर्ध्या रात्री गाडी लागू शकते, तर एमपीएफआय घ्या. मी स्वतः तीच घेईन. पण टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. मालकाला सांगून ठेवा की मी सकाळी लवकर येतो, तोपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवा. बॉनेट गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, कारण थंड गाडी कशी सुरू होते तेच तुम्हाला बघायचंय.