डेकशेजारच्या पिंजऱ्याचं रेडी किट: फ्रेम झकास, बाकीचं बघून घ्या

डेकला (घराबाहेरच्या लाकडी ओट्याला) लागून फिंच (चिमणीसारखे छोटे पक्षी) आणि बजींसाठी (छोटे पोपट) मोठा पिंजरा करायचा होता, म्हणून अॅल्युमिनियमचं किट मागवलं. पॅनल नटबोल्टने जोडत जायचे, पाहिजे तेवढं लांबवायचं. फ्रेमबद्दल तक्रार नाही, भोकं बरोब्बर जुळतात, पावसात राहूनही कोटिंग उडालेलं नाही आणि लाकूड नसल्यामुळे बजींना कुरतडायला काही मिळत नाही, फिंच तसंही त्या भानगडीत पडत नाहीत.

पण मॉडेल निवडताना सांभाळा. कंपनी जे पुढे करते ते उंच नि अरुंद आहे, कपाट उभं केल्यासारखं. खुर्चीत बसून बघणाऱ्याला भारी वाटतं, पण फिंच काय सरळ वर उडत नाही, या टोकाच्या फांदीवरून त्या टोकाला आडवी उडते, तिला लांबी लागते. तेच पॅनल आडवे जोडून लांबलचक करता येतं, मी तेच केलं, आणि पुस्तिकेत याचा साधा उल्लेखही नाही ही कमाल आहे.

आता जाळी. सोबत येते ती २५ मिमी भोकांची, ती मोठ्या पोपटांना ठीक. फिंच त्यातून निसटू शकते, उंदीर आत येतो, लहान साप तर येतोच. १२ मिमीची घ्या, आणि उंदीर जास्त असतील तर खालच्या भागाला ६ मिमीची, कारण १२ मधून उंदराचं पिल्लू घुसतं. बारीक जाळीचे वेगळे पैसे लावतात, याचा राग आला, छोट्या पक्ष्यांसाठी म्हणून विकता ना मग? नवीन गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) जाळी तशीच लावू नका, व्हिनेगरच्या पाण्याने ब्रशने घासून धुवा, बजी चोचीने धरून जाळीवर चढतात आणि जस्ताचे सुटे कण पोटात गेले तर विषबाधा होते. रंग काळाच घ्या, चांदीसारखी जाळी चमकते, मागचा पक्षी धड दिसत नाही.

डबल दरवाजा एक्स्ट्रामध्ये टाकलाय, माझ्या मते तो किटमध्येच पाहिजे. बाहेरचा लावल्याशिवाय आतला उघडायचा नाही, मधे एक माणूस नि दाण्याचा डबा मावला की झालं. डेकच्या बाजूला लावलात तर एखादा निसटला तरी मधल्या जागेतच सापडतो.

तळ मिळत नाही, आणि डेकशेजारी खरी डोकेदुखी तीच. डेकच्या खाली कोरडी अंधारी जागा, वर सांडलेले दाणे, उंदरांना अजून काय हवं. म्हणून पिंजरा डेकला चिकटवू नका, झाडू फिरेल एवढी फट ठेवा, आणि जाळी जमिनीत साधारण ३० सेंमी उतरवून बाहेरच्या बाजूला वळवा. डेकवर शेगडी पेटवत असाल तर वाऱ्याची दिशा आधी बघा, पक्ष्यांना धूर अजिबात सोसत नाही, स्वयंपाकघराची खिडकी जवळ असेल तर नॉनस्टिक तवा जास्त तापल्यावर निघणाऱ्या वाफेनेसुद्धा पक्षी मरतात.

छपराचा पारदर्शक पत्रा नको, उन्हात आत भट्टी होते. अर्ध्या छपराला अपारदर्शक घ्या आणि दाणापाणी त्याच्याच खाली ठेवा, म्हणजे वरून जाणाऱ्या रानपक्ष्यांची शिट त्यात पडत नाही. वाऱ्यापावसाच्या दोन बाजू पूर्ण बंद केल्या, त्याचे पॅनल मात्र चांगले निघाले. बसायच्या प्लास्टिकच्या दांड्या सगळ्या एकाच जाडीच्या, गुळगुळीत, त्यावर बसून बसून पायाला फोड येतात, त्या काढून कमीजास्त जाडीच्या फांद्या लावल्या.

पाचपैकी तीन स्टार, तेही फ्रेमसाठी. आणि हो, दाण्याच्या खिडकीची झडप वर सरकणारी आहे, बजी चोचीने उचलतात, तिला छोटं हुक लावून टाका.