लांब बॉबिन की गोल बॉबिन: जुनं पायमशीन निवडताना

जुनं पायमशीन दुरुस्त करून चालतं ठेवायचं ठरलं, की निवड बहुधा दोघांत उरते: लांब बॉबिनचं सिंगर २७ (किंवा त्याचं पुढचं रूप १२७) आणि गोल बॉबिनचं सिंगर १५. माझ्याकडे दोन्ही आहेत. उषाचं जुनं काळं मशीनही १५च्याच घराण्यातलं, म्हणून त्याचा वेगळा विचार करत नाही.

दिसण्यात २७ पुढे, वादच नाही. स्फिंक्सची सोनेरी नक्षी शाबूत असलेलं हेड (म्हणजे स्टँडवर बसणारं मूळ मशीन) मिळालं तर व्यवहाराची बुद्धी थोडी बाजूला राहतेच. ती नक्षी मात्र जपा. थिनर किंवा स्पिरिट लागलं की वरचं वार्निश सुटतं आणि मागोमाग सोनं. मी मशीनचं तेल आणि कापूस एवढ्यावरच भागवतो, वेळ लागला तरी.

आतल्या सफाईत दोघांत फारसा फरक नाही. आपल्याकडची बरीच मशीनं गंजाने नाही, खोबरेलाने जाम होतात. कुणीतरी वर्षानुवर्षं हौसेने घातलेलं ते तेल चिकट होऊन सांध्यांत बसतं. रॉकेल सोडून ठेवायचं, हातचाक हळूहळू हलवत राहायचं, मोकळं झालं की पुसून मशीनचंच तेल द्यायचं. सुई दोन्हींना आजची साधी घरगुती चालते. हेडची मापंही जुळतात, त्यामुळे एकाच बिडाच्या स्टँडवर आलटून पालटून बसवता येतात. (सिंगरचीच २८ आणि १२८ आकाराने लहान, पूर्ण मापाच्या टेबलात ती बसत नाहीत. विकणारा हे क्वचितच सांगतो.)

चालवताना २७चा आवाज मला जास्त आवडतो. लांब बॉबिन पोटात घेतलेलं, बंदुकीच्या गोळीसारखं शटल खाली झुलत असतं, आणि पातळ सुती कापडावर टाका असा देखणा पडतो की १५चा त्यापुढे जरा रांगडा वाटावा. निदान माझ्या दोन मशीनांत तरी तसं आहे.

मग घोडं अडलं ते बॉबिन भरण्यात. लांब बॉबिनवर दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा बसावा लागतो. त्यासाठी बॉबिन भरायच्या फिरकीला दोरा इकडून तिकडे नेणारा एक हात असतो. जुन्या मशीनांत नेमका तोच वाकलेला, झिजलेला, नाहीतर गायब. मग चिमटीने दोरा फिरवत बसा. मध्ये फुगवटा आला की बॉबिन शटलमध्ये अडखळते आणि खालचा दोरा कधी घट्ट, कधी सैल. नव्या बॉबिनी मिळतात, पण माझ्या हाती आलेल्या काही शटलमध्ये नीट फिरतच नव्हत्या. गोधडीच्या लांब ओळी घालताना दोरा मध्येच संपला की हा सगळा खेळ पुन्हा.

१५मध्ये फिरकीचं रबर झिजतं, एवढंच. ते रबर, बॉबिन, बॉबिन केस, सगळं शिलाई सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतं. केसमध्ये धाग्याचा कचरा साठून दोरा गुंततो, हे खरं. पण ब्रश फिरवला की काम पुढे चालू.

हौस म्हणून, अधूनमधून रुमाल-झबली शिवायला घेत असाल तर २७ला नाही म्हणवत नाही. रोज उसवलेलं शिवायचं, पडदे करायचे, गोधडी भरायची, तर मी १५च्या बाजूने झुकेन. माझ्या स्टँडवर बहुतेक वेळ तेच असतं.

तरीही २७वरच मन बसलं असेल, तर पैसे देण्याआधी फिरकीचा हात जागेवर आहे का पाहा. सरकपट्टी उघडून शटल बाहेर काढा आणि त्याच्या टोकावरून नख फिरवा. टोक खरखरीत लागलं किंवा अंगावर गंजाचे खड्डे दिसले, तर नक्षी कितीही सुंदर असो, भाव पाडूनच घ्या.