वजनाचं लोडिंग (जादा प्रीमियम) भरलं, पण वजनच पॉलिसीत नाही (हेल्थ इन्शुरन्स, दीड वर्षाचा अनुभव)

रेटिंग आधीच सांगते, ५ पैकी ३. क्लेम मिळाला म्हणून ३, नाहीतर १ पण दिला नसता. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण चार एजंटांशी बोलून कळलं की थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे.

मी पुण्यात वारज्याला राहते, वय ४१, उंची ५ फूट ५, आणि पॉलिसी घेतली तेव्हा वजन १०४. हो, एकशे चार, लाजायचं काय त्यात. ऑफिसचा ग्रुप इन्शुरन्स होता तोवर कोणी वजन विचारलं नव्हतं, नोकरी बदलली, आता पतसंस्थेत आहे, इथे ग्रुप पॉलिसी नाही म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतःची १० लाखांची घ्यायचं ठरवलं. सोसायटीतले एक काका एजंट आहेत. फॉर्म भरताना उंची-वजन टाकलं आणि स्क्रीनवर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३८.२ आला, तर काका चष्मा वर करून हळूच म्हणाले, "ताई, पंच्याऐंशी लिहू का? कोण बघतंय." म्हटलं काका, आज कोणी नाही बघणार, पण हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाले की पहिल्याच कागदावर वजन लिहितात, मग खोटी माहिती दिली म्हणून क्लेम गेला तर तुम्ही भरणार का? तर गप्प बसले. कोणी असं सुचवलं तर अजिबात ऐकू नका, प्लीज.

पहिल्या कंपनीने सरळ नाही म्हणून टाकलं. दोन ओळींचा मेल, बीएमआय आमच्या मर्यादेच्या बाहेर, बस. रिपोर्ट मागितले नाहीत, फोन नाही, काही नाही.

दुसऱ्या कंपनीने, म्हणजे जिचा हा रिव्ह्यू आहे तिने, मेडिकलला पाठवलं. कर्वे रोडजवळचं सेंटर होतं, उपाशीपोटी सकाळी साडेसातला बोलावून नऊला नंबर, आणि वजनकाटा ठेवलेला बरोबर दोन फरशांच्या सांध्यावर, एक पाय डुगडुगत होता. एकदा १०३ दाखवलं, एकदा १०५. त्या मुलीने थोडा विचार केला आणि मधलं १०४ लिहिलं! पुढे सगळा हिशोब ज्या आकड्यावर होणार तो असा ठरला. बाकी रिपोर्ट मात्र चकाचक, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.४, बीपी १२४/८०, कोलेस्टेरॉल नॉर्मल, टीएमटीत (ट्रेडमिलवरची हार्टची टेस्ट) पण काही नाही, डॉक्टर स्वतः म्हणाले छान आहे सगळं.

आठवड्याने लेटर आलं, २५ टक्के लोडिंग. मूळ प्रीमियम १४,२०० आणि वजनाचे ३,५५० वर. त्यावर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे माझ्या चरबीवरच ६३९ रुपये टॅक्स भरला मी सरकारला. (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी काढलाय, तेवढं एक बरं झालं.)

आता खरी गंमत. त्याच महिन्यात माझ्या धाकट्या दिराने त्याच कंपनीची पॉलिसी घेतली. पाप्याचं पितर नुसतं, ५८ किलो, रोज संध्याकाळी वडापाव आणि रात्री दोनपर्यंत मोबाईल. ऑनलाइन फॉर्म भरला, वय कमी म्हणून मेडिकलच नाही, संध्याकाळी पीडीएफ हातात. चार महिन्यांनी त्याच्या ऑफिसच्या चेकअपमध्ये त्याची एचबीएवनसी निघाली ७.१, म्हणजे डायबेटिस! आणि ही काही आमच्याच घरातली अपवादाची गोष्ट नाही. आपल्याच रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक किती वर्षं सांगतायत की भारतीय माणूस बारीक दिसतो पण आतून चरबीवाला असतो. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला होता, दोघांचा बीएमआय सेम, २२.३, आणि अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणजे ज्या आकड्यावरून मला पैसे जास्त लावले तो आकडा किती आंधळा आहे हे पुण्यातल्याच डॉक्टरने स्वतःचं शरीर पुढे ठेवून दाखवलंय, आणि पुण्यातच मला त्यावरून लोडिंग.

माझं म्हणणं असं नाहीये की वजन बघूच नका. पतसंस्थेत कर्जाच्या फायली मी रोज बघते, रिस्क म्हणजे काय मला कळतं. जाडेपणाने शुगर, हार्ट, गुडघे, झोपेत श्वास अडकणं हे सगळं वाढतं, कंपनी धर्मादाय नाही, आणि सगळ्यांच्या प्रीमियममधूनच क्लेम जातात. माझी नणंद न्यूजर्सीला असते, ती सांगत होती अमेरिकेत २०१४ पासून वजनावरून किंवा आधीच्या आजारावरून प्रीमियम वाढवताच येत नाही, सिगरेट ओढत असाल तर मात्र बऱ्याच राज्यांत ५० टक्क्यांपर्यंत जास्त लावू शकतात. आपल्याकडे तसं लगेच होईल असं मला वाटत नाही. पण आम्ही कर्जदाराला नाही म्हणायच्या आधी फाईल तरी उघडून बघतो हो. इथे पहिलीने उघडलीच नाही, दुसरीने उघडली, सगळे रिपोर्ट चांगले निघाले आणि तरी काट्याचंच ऐकलं. रक्ताचा रिपोर्ट विचारात घ्यायचाच नव्हता तर सात बाटल्या रक्त घेतलं कशाला?

आणि सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट पॉलिसीच्या बारीक अक्षरात आहे, हे वाचाच. वजनाचे पैसे वेगळे घेतले ना, मग वजनाचा इलाज तरी कव्हर असेल? नाही! डाएटिशियन नाही, वजन कमी करायची ती नवीन इंजेक्शनं नाहीत. बॅरिएट्रिक सर्जरी (वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन) आहे, पण बीएमआय ४० किंवा जास्त हवा, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत हार्टचा आजार, झोपेत श्वास अडकायचा गंभीर स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा डायबेटिस असलं काहीतरी हवं, शिवाय आधीचे साधे उपाय फेल गेलेले हवेत. ही अट आयआरडीएआयने, म्हणजे विम्याच्या सरकारी नियामकानेच, ठरवून दिलेली आहे, कंपनीची एकटीची नाही. मी हिशोब केला, माझ्या उंचीला ४० म्हणजे १०९ किलो. म्हणजे १०४ ला मी लोडिंग लावण्याइतकी जाड, पण इलाज मिळायला अजून पाच किलो खाऊन वाढवायचे, नाहीतर हार्टचं दुखणं घेऊन या. काकांना म्हटलं तर ते म्हणाले मग काय, रोज मिसळ खा.

क्लेमचं सांगते. ऑगस्ट २०२५, डेंगी, प्लेटलेट ३२ हजार, चार दिवस अ‍ॅडमिट. कॅशलेसची पहिली मंजुरी दोन तासांत आली, खरंच फास्ट, इथे पूर्ण मार्क. पण डिस्चार्जच्या दिवशी क्वेरी आली, पेशंटला ओबेसिटी कधीपासून आहे? अहो डास चावलाय, डासाला काय माहिती माझा बीएमआय! हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवरचा (विम्याचे क्लेम बघतात तिथला) मुलगा बिचारा स्वतःच हसला, डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून आणल्या, सकाळी दहाचा डिस्चार्ज संध्याकाळी सातला मिळाला. बिल ६१ हजार, ग्लोव्हज वगैरेचे साडेतीन हजार कापून बाकी सगळं दिलं.

डेंगीनंतर जरा घाबरले, चालायला लागले, डहाणूकर कॉलनीत राहणारी मैत्रीण सोबत असते, आणि रिन्यूअलपर्यंत वजन ९५ वर आणलं. बीएमआय ३४.९. मेल केला की नवीन रिपोर्ट जोडलेत, लोडिंग कमी करा. उत्तर आलं, 'पॉलिसी घेतेवेळी केलेल्या मूल्यमापनानुसार लोडिंग लागू राहील.' म्हणजे काटा वर गेला की कंपनीला दिसतो, खाली आला की नाही. आणि आता ३५ च्या खाली गेल्यामुळे सर्जरीचा तो क्लॉज पण संपला माझ्यासाठी, नवरा म्हणतो अभिनंदन.

ज्यांचं वजन जास्त आहे आणि घ्यायची आहे त्यांनी तरीही घ्या, तिशीत घ्या, थांबू नका. आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्यांचा क्लेम मिळायला लागेपर्यंतचा काळ, २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं झालाय, आधी चार होता. आणि पाच वर्षं सलग भरले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हे पूर्वी आठ वर्षं होतं. लोडिंग पटलं नाही तर पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, मला तेव्हा माहीत नव्हतं. तक्रार करायची तर आधी कंपनीकडे लेखी द्या, मग विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस आपल्या नारायण पेठेतच आहे, केळकर रोडला. मी अजून गेले नाहीये कारण लोडिंगला मी सही करून हो म्हटलंय, केस किती उभी राहील शंका आहे.

येत्या नोव्हेंबरला पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करणार आहे, रिन्यूअलच्या ४५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, म्हणजे सप्टेंबरमध्येच. परत मेडिकल होणार, परत तेच सेंटर आलं तर या वेळी काटा सांध्यावरून उचलून सपाट फरशीवर ठेवायला लावणार, आणि हातातल्या बांगड्या घरीच ठेवून जाणार.