बेसीचं कॅन्सस सिटी की एलिंग्टनचं न्यू ऑर्लिन्स: आधी कोणता अल्बम ऐकावा?

बिग बँड, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या जॅझमधून एखादं शहर ऐकायचं असेल, तर माझ्यापुरती निवड दोन अल्बमांवर येऊन थांबते. एक काउंट बेसीचा १९६० सालचा ‘कॅन्सस सिटी स्वीट’ आणि दुसरा ड्यूक एलिंग्टनचा १९७०चा ‘न्यू ऑर्लिन्स स्वीट’. दोघेही पियानोवादक आणि आपापल्या बँडचे नायक; ‘स्वीट’ म्हणजे एका सूत्रात गुंफलेल्या रचनांची मालिका. जॅझ फारसा ऐकला नसेल तर बेसीपासून सुरुवात करा. कान थोडा तयार असेल तर सरळ एलिंग्टनकडे जा. दोघांपैकी एकच जवळ ठेवा म्हणालात, तर मी एलिंग्टन ठेवेन.

बेसी जन्माने न्यू जर्सीतल्या रेड बँकचा. एका फिरत्या करमणूक कंपनीबरोबर कॅन्सस सिटीला आला, कंपनी मोडली आणि तो तिथेच अडकला. त्याचं संगीत मात्र त्याच शहरात घडलं. स्थानिक पुढारी टॉम पेंडरगास्टच्या राजकीय दबदब्यामुळे तिथे दारूबंदी नावालाच होती, क्लब रात्रभर चालत. वादकांना रोजचं काम मिळे आणि काम आटोपलं की पहाटेपर्यंत एकमेकांशी चढाओढ. रिफवर, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीवर उभं असलेलं वादन याच मुशीतून निघालं. ट्रंपेटांनी चार सुरांची एक लहानशी ओळ टाकायची, सॅक्सोफोननी तिला उत्तर द्यायचं. बरंचसं कागदावर नसेच, तोंडीच ठरे.

बेसीच्या अल्बममधल्या दहाही रचना संगीतकार बेनी कार्टरच्या आहेत आणि त्यांची नावं वाचताना त्या शहरातून फिरल्यासारखं वाटतं. व्हाइन स्ट्रीट आहे, पसेओ आहे, जॅक्सन काउंटी आहे. शेवटी ‘रॉम्पिन ॲट द रीनो’. रीनो म्हणजे बेसी जिथे वाजवायचा तो क्लब. तिथलं रेडिओ प्रक्षेपण १९३६ मध्ये रेकॉर्ड निर्माता जॉन हॅमंडने शिकागोत गाडीच्या रेडिओवर ऐकलं आणि बेसीसाठी बाहेरचं जग उघडलं. पण खरं शहर नावांत नाही, ठेक्यात आहे. हेडफोन लावून फ्रेडी ग्रीनची गिटार शोधा. ॲम्प्लिफायर नाही, एकल वादन नाही. चार मात्रा, दर मात्रेला एक हलका फटकारा. सुरुवातीला ती ऐकूच येत नाही. एकदा सापडली की आख्खा बँड तिच्या आधाराने चालतोय हे कळतं. वर बेसीचा पियानो दोन-तीन सूर टाकतो आणि जागा मोकळी सोडतो. कसलीही माहिती नसताना पाय हलायला लागतो, म्हणून नवख्याला मी हाच देईन.

उणीव आहे. तोंडी वाढलेलं संगीत इथे नीट लिहून, घोटून आलं आहे. रीनोच्या काळातले वादकही तोवर बँडमध्ये जवळजवळ उरले नव्हते. त्यामुळे ही त्या रात्रींची फार सुबक आठवण आहे, ती धग नाही. आणि ‘स्वीट’ म्हटलं तरी या दहा सुट्या रचना आहेत.

एलिंग्टन तर न्यू ऑर्लिन्सचा नव्हेच, वॉशिंग्टनचा. तरीही त्याच्या अल्बममध्ये शहर जास्त भेटतं, कारण तो माणसांकडे जातो. एप्रिल १९७०मध्ये तिथल्या जॅझ महोत्सवात पाच रचना वाजल्या. त्यांतली एक ‘सेकंड लाइन’, म्हणजे ब्रास बँडच्या मागून नाचत जाणारी मिरवणूक. त्यात रसेल प्रोकोपची क्लॅरिनेट जुन्या न्यू ऑर्लिन्सचाच आवाज घेऊन येते. नंतर एलिंग्टनने चार व्यक्तिचित्रं जोडली: ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग, बासवादक वेलमन ब्रॉड, क्लॅरिनेट आणि सोप्रानो सॅक्सोफोन वाजवणारा सिडनी बेशे आणि भक्तिगीतं गाणारी महालिया जॅक्सन. आर्मस्ट्राँगसाठी कूटी विल्यम्सचा ट्रंपेट, ब्रॉडसाठी जो बेंजामिनचा बास. नक्कल कुणीच करत नाही. प्रत्येकजण आपल्याच आवाजात त्या माणसाबद्दल बोलतो.

बेशेची रचना एलिंग्टनच्या बँडमधल्या सॅक्सोफोनवादक जॉनी हॉजेससाठी होती. तरुणपणी तो बेशेकडूनच शिकला होता आणि कित्येक वर्षं बाजूला ठेवलेला सोप्रानो सॅक्सोफोन त्याने यासाठी पुन्हा हाती घ्यावा, अशी एलिंग्टनची इच्छा होती. ११ मे १९७० रोजी हॉजेस गेला. दोनच दिवसांनी या रचनेचं ध्वनिमुद्रण झालं. ती जागा पॉल गोन्साल्व्हेसने टेनर सॅक्सोफोनवर भरली. हे ठाऊक असेल तर त्या चार मिनिटांत दोन माणसांना निरोप दिलेला ऐकू येतो.

हेच या अल्बमचं अवघडपणही आहे. बेशे कोण, ब्रॉड कोण, हे माहीत नसेल तर अर्धं हातातून निसटतं. ऑर्गन असलेली पहिली रचना जवळपास आठ मिनिटं रेंगाळते, आणि झटपट स्विंगची अपेक्षा असेल तर धीर सुटेल.

संगीतकार जॉर्ज रसेलच्या १९५९च्या ‘न्यू यॉर्क, एन. वाय.’चंही नाव तुमच्या कानावर येईल. गायक जॉन हेंड्रिक्सचं तालबद्ध निवेदन आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं वादन त्यात आहे. उत्तम आहे, पण ते बुद्धीला आधी भिडतं. तिसरा म्हणून ऐका.

एलिंग्टन घेतलात तर पहिली रचना ‘ब्लूज फॉर न्यू ऑर्लिन्स’ घाई न करता पूर्ण ऐका. ऑर्गनवर वाइल्ड बिल डेव्हिस आहे आणि त्याच्या वरून सरकत जाणारा तो आल्टो सॅक्सोफोन जॉनी हॉजेसचा आहे, जाण्याआधी वाजवलेला. त्यानंतर लगेच बेशेची रचना लावा.